इतर झाडे : निरंक

गेल्या वैशाखात पेणजवळ ओळखीच्यांच्या फार्महाउसवर गेले होते. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत दोन्ही बाजूंना कमरेएवढं हिरवंगार कुंपण होतं, कात्रीने सरळ रेषेत कापलेलं. पानं जाड आणि चकचकीत, मधूनमधून चांदणीसारखी पांढरी फुलं, आणि चार-दोन ठिकाणी लालभडक, लांबट फळं. यजमानीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "नर्सरीतून आणलंय, आफ्रिकेतलं झाड आहे. फळांना मात्र हात लावू नका हं, विषारी असतील."

पाणी घालणारा मुलगा शेजारच्या कातकरवाडीतला होता. बाई आत गेल्यावर त्याने एक पान खुडलं. देठातून दुधासारखा चीक आला. तो त्याने बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, दोन्ही बोटं उघडून-मिटून त्याची तार बघितली. मग फुलाचा वास घेतला. मग फांदी वाकवून काटा बघितला. काटा मुळाशी एक आणि टोकाशी दोन, बैलाच्या शिंगांसारखा दुभंगलेला. "ताई," तो म्हणाला, "ही करवंदाचीच हाय. आपली बारीक, ही मोठी."

त्याचं अगदी बरोबर होतं. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी भिंगाखाली फूल धरून जे ठरवतात, ते त्याने चीक, वास आणि काटा एवढ्यावर अर्ध्या मिनिटात ठरवलं. हे झाड दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं, शास्त्रीय नाव कॅरिसा मॅक्रोकार्पा. झुलू लोक त्याला अमातुंगुलू म्हणतात आणि पिकलेली फळं आवडीने खातात. आपलं करवंद कॅरिसा कॅरंडस. कॅरिसा हे प्रजातीचं नाव लिनियसने १७६७ मध्ये दिलं आणि 'कॅरंडस' हा शब्द तर आपल्याच देशातल्या करमर्द-करोंदा-करवंद या नावांचा लॅटिन पोशाख. मी एक पिकलेलं फळ तोडून खाल्लं. गोडसर, थोडं आंबट, पाणीदार. चांगलं होतं. पण करवंद जिभेच्या कडेला जी धार लावतं, ती त्यात नव्हती.

"इथे आधी काय होतं रे?" मी विचारलं.

त्याने हाताने फाटकापासून विहिरीपर्यंत एक मोठा अर्धगोल काढला. "इथं सगळी जाळीच होती. करवंदाचीच. जेसीबी आला तवा गेली."

तेव्हापासून हे माझ्या मनातून जात नाही. एकाच आईच्या दोन लेकी असाव्यात, त्यातली घरातली मुळासकट उपटून टाकावी, आणि तिच्याच जागी समुद्रापलीकडची पैसे मोजून आणावी, असं काहीतरी त्या अंगणात झालं होतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आफ्रिकेतल्या त्या झाडावर माझा राग नाही. ते देखणं आहे आणि ते आपल्या पायाने आलेलं नाही. मला बोलायचं आहे ते आपल्या करवंदीबद्दल.

आमचं घर पेणला, आजोळ रोह्याजवळ, अवचितगडाच्या पायथ्याच्या एका गावात. परीक्षा संपली की एस.टी.ने आजोळी जायचं. पेण सुटलं की वडखळ, मग नागोठणं, मग भिसे खिंड उतरून रोहा. अंतर काही फार नाही, पण त्या वेळच्या गाडीला आणि त्या वेळच्या माझ्या वयाला ते पुरेसं होतं. नागोठण्याच्या स्टँडवर गाडी थांबली की खिडक्यांना टोपल्या यायच्या. आधी काकड्या, मग जांभळं, ताडगोळे; आणि सगळ्यांच्या मागे, जरा अंग चोरून उभ्या असलेल्या कातकरणी. त्यांच्या पाट्यांत करवंदं. 'डोंगरची मैना, काळी मैना' असं ओरडत विकणारे मुंबईत भेटतात. नागोठण्याच्या या बाया ओरडत नसत. पळसाच्या पानाचा खोला वर धरून नुसत्या बघत राहायच्या. आई चार आणे द्यायची आणि खोला खिडकीतून आत यायचा. पान खालून ओलं, थंड लागायचं, कारण करवंदं पहाटेच तोडलेली असायची.

मग खेळ. करवंद चिमटीत धरायचं आणि समोरच्याला विचारायचं, कोंबडा का कोंबडी? त्याने एक काहीतरी सांगायचं आणि मग करवंद दाताने अर्धं तोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. ज्याचा अंदाज चुकला त्याचं पुढचं करवंद जायचं. माझा मामेभाऊ कधी हरत नसे. मोठेपणी त्याने गुपित सांगितलं: देठाजवळ बारीकसा तांबूस डाग बघायचा. मी पुष्कळदा बघितलं, मला अजून कळलेलं नाही. रोहा येईपर्यंत ओठ चिकाने एकमेकांना चिकटलेले असायचे आणि आजी दारातच खोबरेल तेलाचं बोट घेऊन उभी असायची. करवंदाचा चीक पाण्याने जात नाही, तेलाने जातो.

आजीच्या घरामागे वरकस जमिनीचा एक तुकडा होता. त्यावर पूर्वी कधी नाचणी-वरी होत असे. पुढे ती पडली आणि जाळी वाढली. करवंदीला झाड म्हणत नाहीत, जाळी म्हणतात, आणि तो शब्द फार नेमका आहे. तिला एक खोड नसतं. मुळापासूनच दहा-पंधरा फांद्या निघतात, वाकतात, एकमेकींत शिरतात, काट्याला काटा अडकतो. बाहेरून बघितलं तर हिरवा ढीग, आत वाकून बघितलं तर खोली. त्या खोलीत सावली असते, कोरडी पानं असतात, सशाची लेंडी असते, बुलबुलाचं गेल्या वर्षीचं घरटं असतं. आणि एक गोष्ट आजीने दाखवली म्हणून मला दिसली. जाळीच्या बरोबर मधून ऐनाचं एक कोवळं रोप वर निघालेलं. "बाहेर असतं तर शेळीने ठेवलं असतं का?" ती म्हणाली. उघड्या माळावर गुरं-शेळ्या कुठलंही रोप वाढू देत नाहीत. काटेरी जाळीत पडलेलं बी तेवढं वाचतं, आणि चार-सहा वर्षांनी जाळीच्या डोक्यातून एक झाड आभाळाकडे जातं. आमच्या डोंगरांवरची कितीतरी मोठी झाडं अशी करवंदीच्या पोटात वाढलेली आहेत. आजीला हे कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. तिने ते साठ वर्षं स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बघितलं होतं.

शिमग्याच्या सुमारास जाळी फुलायची. फूल नखाएवढं, पाच पाकळ्यांचं, पांढरं. कळी असताना पाकळ्या एकमेकींना पिळून बसलेल्या, कळीला किंचित गुलाबी झाक. वास जाईच्या जवळचा, पण उन्हाने तापलेला. चैत्रात हिरवी फळं. तेव्हा आजी पाटीभर कच्ची करवंदं उतरवायची. मिठात मुरवलेली वेगळी, मोहरीचं लोणचं वेगळं, आणि रोजच्यासाठी हिरवी मिरची, लसूण, ओलं खोबरं घालून पाट्यावर वाटलेली चटणी. घरात कैरी नसली तर सुक्या जवळ्यात ठेचलेली चार करवंदं पडायची. वैशाखात फळं तांबूस होऊन मग काळी. पिकलेल्या करवंदांचा मुरंबा आपोआप घट्ट होतो, कारण फळात पेक्टिन भरपूर असतं; आजी म्हणायची, "ह्याला पाक कळतो." आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की संपलं. फळ पाणी पितं, फुगतं, त्यात अळी होते. त्या दिवसापासून करवंदाला घरात कुणी हात लावत नसे.

शहरातल्या वाचकाला वाटेल, हे त्याने कधी खाल्लेलं नाही. खाल्लेलं असतं. केकवर आणि बनारसी पानात जी लाल 'चेरी' लावलेली असते, ती पुष्कळदा करवंदच असते. कच्चं करवंद बिया काढून, त्याचा मूळ रंग घालवून, लाल रंगात आणि साखरेच्या पाकात मुरवलेलं. आपल्याकडे करवंद स्वतःच्या नावाने बेकरीत शिरत नाही.

आता आफ्रिकेकडे येते, कारण त्या मुलाने तो धागा माझ्या हातात दिला.

कॅरिसाच्या आफ्रिकेतल्या बहिणी पुष्कळ. त्यांतली सर्वांत पसरलेली, जिला बरीच वर्षं कॅरिसा एडुलिस म्हणत (एडुलिस म्हणजे खाण्याजोगी), ती इथिओपियात अगाम, केनियातल्या किकुयू भाषेत मुकावा. तिथेही गुराखी मुलंच ती खातात, तिथेही तिचं कुंपण करतात, तिथेही मूळ उकळून औषधाला घेतात. आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला आपल्या देशात आढळणाऱ्या कॅरिसा स्पायनारममध्येच विलीन केलं आहे. म्हणजे आफ्रिका, अरबस्तान, भारत आणि थेट ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली ती एकच जात, असं त्यांचं म्हणणं. आमच्या डोंगरावरचं काळं करवंद तिची सख्खी बहीण.

या एडुलिसचं पहिलं शास्त्रीय वर्णन ज्याने केलं तो पीटर फोर्सकोल. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो होता, येमेनमध्ये झाडं गोळा करता करता १७६३ मध्ये तापाने तिथेच गेला. मोहिमेतले सगळे एकेक करून गेले. मागे उरला एकटा कार्स्टन नीबुर, मोजणीदार. तो जहाजाने मुंबईला आला, १७६३-६४ मध्ये इथे राहिला, घारापुरीला जाऊन लेण्यांची मापं आणि चित्रं काढली. घारापुरी आज आमच्याच रायगड जिल्ह्यात आहे. घरी परतल्यावर त्याने मेलेल्या मित्राचे कागद नीट लावले आणि १७७५ मध्ये फोर्सकोलचं वनस्पतींवरचं पुस्तक छापलं. त्यात हे झाड आहे. घारापुरीच्या डोंगरावर चढताना त्या एकाकी माणसाला वाटेत करवंदीची जाळी लागली असेल आणि त्याचा पाय क्षणभर थांबला असेल, असं मला वाटत राहतं. याला पुरावा नाही, ही माझी इच्छा आहे.

आणखी एक इच्छा आहे. रोह्याच्या पश्चिमेला डोंगर ओलांडला की मुरूड. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे हबसाणातले, म्हणजे इथिओपियाच्या बाजूचे. त्यांच्या संस्थानालाच आमच्याकडे हबसाण म्हणत. मुरूड, रोहा, अलिबाग या तालुक्यांना लागून जे फणसाड अभयारण्य १९८६ मध्ये झालं, ते पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. आमच्या इतिहासात सिद्दी येतो तो तोफा, किल्ला आणि वेढे घेऊन. पण विकले गेलेले, जहाजात घालून आणलेले, नावं बदललेले जे साधे हबशी शिपाई आणि नोकर या किनाऱ्यावर उतरले, त्यांतला एखादा पहिल्या उन्हाळ्यात फणसाडच्या उतारावर उभा असेल. भाषा परकी, देव परके, समुद्राच्या पलीकडे घर. आणि समोर काट्याकाट्यांची जाळी, चिकाची, पांढऱ्या फुलाची, काळ्या फळाची. त्याने ते फळ न विचारता तोंडात टाकलं असणार. लहानपणी खाल्लेली चव ओळखायला दुभाष्या लागत नाही.

अर्थात ओळख पक्की असावी लागते. करवंद ज्या कुळातलं, त्यातच कण्हेर आहे, आणि कण्हेर खाऊन माणूस मरतो. पूर्व आफ्रिकेत करवंदीला अगदी जवळचं असं अकोकँथेरा नावाचं झुडूप आहे. शिकारी त्याचा काढा आटवून बाणांच्या टोकांना लावतात, आणि त्या विषाने मोठं जनावर पडतं. पानं सारखी, फुलं सारखी, चीक सारखा. काटा मात्र करवंदीला असतो आणि त्या विषारी झुडपाला नसतो. त्या पोराने पान खुडल्यावर शेवटी फांदी वाकवून काटा बघितला होता, ते मला हे वाचल्यावर आठवलं. त्याला अकोकँथेरा माहीत असण्याचं कारण नाही. पण काटा बघितल्याशिवाय करवंद म्हणायचं नाही, ही शिस्त त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

आता ज्या शब्दामुळे हा लेख लिहायला बसले, तो सांगते.

काही वर्षांपूर्वी आजोळची वरकस जमीन एका कामासाठी संपादनात गेली. मोजणी झाली, पंचनामा झाला. मामा आजारी, म्हणून मी उभी राहिले. भर उन्हात माणसं प्रामाणिकपणे काम करत होती. आंबे मोजले, घेर मोजला, वय लिहिलं. साग मोजले. फणस एक. ऐन चार, आणि त्यातला एक जाळीच्या पोटातून वर आलेला, आजीने दाखवलेला. तो मोजताना मोजणाऱ्याच्या सदऱ्याची बाही करवंदीच्या काट्यात अडकून फाटली. त्याने ती सोडवली, ऐनाला नंबर दिला, आणि कागदावर शेवटची ओळ लिहिली: इतर झाडे : निरंक.

मी म्हटलं, "आणि ही जाळी?" तो नम्रपणे म्हणाला, "ताई, झुडपाला दर नसतो."

निरंक. सरकारी मराठीतला हा एक विलक्षण शब्द आहे. काही नाही, शून्य, रकाना कोरा. ज्या जाळीत आजीचं लोणचं होतं, चार वाड्यांच्या बायांचा वैशाख होता, सशाची खोली होती, आणि ज्या ऐनाची किंमत कागदावर आली त्याची दाई होती, ती जाळी निरंक. मला त्या माणसाचा राग नाही आला. त्याच्या तक्त्यात रकानाच नव्हता. लावलेलं झाड मोजायचं असतं, कारण त्याला मालक असतो. करवंद कुणी लावत नाही. बुलबुल, कोल्हे, उदमांजरं फळ खातात आणि बी टाकतात. आपल्या व्यवहारात मालक नाही म्हणजे वस्तूच नाही, असा अर्थ होऊन बसला आहे. याच पेण तालुक्यात गागोदे आहे, जिथे ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा जन्मले. जमीन कुणाची, हा प्रश्न त्यांनी पुढे साऱ्या देशाला पायी फिरून विचारला. त्यांच्या गावच्या डोंगरावरचं करवंदही असंच, सगळ्यांचं आणि म्हणून कागदावर कुणाचंच नाही.

मोजायचंच ठरवलं तर सरकार करवंदीसुद्धा मोजतं, याला इतिहास साक्षी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवणाऱ्यांना अडवायला उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून एक जकातरेषा आखली, आणि मैलोन्‌मैल तिच्यावर काटेरी कुंपण वाढवलं. बाभूळ, बोर, निवडुंग, थोर, आणि करवंद. रोपं लावली, पाणी घातलं, मैल मोजले, हजारो शिपाई पहाऱ्याला ठेवले, वर्षाला किती मैल 'चांगलं' झालं याचे अहवाल लिहिले. १८७९ मध्ये ती रेषा बंद झाली आणि कुंपण मोडून गेलं. पेण तर मिठागरांचं गाव. खाडीकाठच्या आगरांत पांढऱ्या राशी बघत आम्ही वाढलो. गरिबाला मीठ मिळू नये म्हणून जिला उभं केलं, त्या करवंदीची मोजदाद झाली. आणि गरिबाला मिठाबरोबर खायला जिने फळ दिलं, ती निरंक. हे मला सहन होत नाही.

'गरिबाला' हा शब्द मी सैल वापरलेला नाही. पेण, रोहा, सुधागड, कर्जत या पट्ट्यातले कातकरी पूर्वी खैराचा कात पाडत. ते काम जंगलाच्या कायद्यांनी गेलं. मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात, पुष्कळदा उचलीचं कर्ज अंगावर घेऊनच. ज्या म्हाताऱ्या बाया आणि लहान लेकरं वाडीत मागे राहतात, त्यांच्या हातात एप्रिल-मेमध्ये रोख पैसा येतो तो करवंदांचा, जांभळांचा, आंबाड्यांचा. भांडवल लागत नाही, व्यापारी लागत नाही, सातबारा लागत नाही. एक आकडी, एक पाटी आणि पळसाची पानं. पहाटे तीन-चारला निघायचं, डोंगर चढायचा, उजाडताना तोडायचं, आठच्या गाडीला स्टँडवर पोचायचं. एकेक फळ हाताने, काट्यात हात घालून. आजीकडे येणाऱ्या एका बाईचे हात मला अजून दिसतात. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या रेघा, जुन्या ओरखड्यांच्या, जशा पाटीवर पेन्सिलीच्या पुसट राहतात. चहा पिताना ती त्या हातांवर खोबरेल तेल चोळून चीक काढायची आणि आजी तिच्याशी जाळ्यांबद्दल बोलायची. कुठली पिकली, कुठली वणव्यात गेली.

वणव्याने करवंदी जळते, पण मरत नाही. मुळातून पुन्हा फुटते. तोडली, राबासाठी कापली, तरी फुटते. गुरांनी ओरबाडली तरी फुटते. तिला खरोखर मारायचं तर मुळासकट उपटून जमीन सपाट करावी लागते, आणि ते आता तासाभराचं काम झालं आहे. दिवसाला किती एकर माळ 'साफ' होतो, ते पेण-रोह्याच्या रस्त्याने जाणाऱ्याने खिडकीतून बघावं. साफ हाच शब्द वापरतात. तांबडी माती उघडी पडते, कुंपणाचे खांब उभे राहतात, प्लॉटचे फलक लागतात, आणि वाडीतून डोंगरावर जाणारी पायवाट फाटकाशी येऊन थांबते. २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं, कारण ती भातशेती होती, तिला मालक होते, मालकांना आवाज होता. माळावरच्या जाळीसाठी मत कुणी मागत नाही.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातलं गौण उपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आदिवासींना दिला आहे, आणि करवंद हे त्यातच मोडतं. पण तो हक्क वनजमिनीवरचा. खाजगी वरकस, पडीक माळ, गावकीचा कातळ, जिथे खरी दाट करवंदी असते, तिथे तो पोचत नाही. तिथे आजवर चालत आली ती रीत. मालकाने कधी अडवलं नाही, कातकरणीने कधी विचारलं नाही, आणि वर्षातून एकदा पहिला खोला मालकाच्या दारात आपणहून आला. आजीच्या दारात येत असे. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून फाटक बसलं त्या दिवशी ती कुणाला मोडावीसुद्धा लागली नाही.

पेणजवळच्या त्या फार्महाउसवरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी यजमानीणबाईंना फोन केला. सांगितलं, की तुमचं कुंपण विषारी नाही, पिकलेली फळं खाता येतात, आणि हेही सांगितलं, की विहिरीच्या मागे बांधाला जुन्या करवंदीचं एक खोडकं अजून जिवंत आहे, मी येताना बघितलं, ते काढू नका. त्या मनाच्या चांगल्या. माळी मुलाला त्याच्याभोवती चार दगड लावायला सांगितलं त्यांनी. यंदा शिमग्यानंतर त्याचा फोन आला होता. त्या खोडक्याला फुटवे आलेत, कमरेएवढे झालेत, फूल अजून नाही.

तुम्ही या बाजूला जागा घेणार असाल, घेतली असेल, तर माझी एवढीच विनंती आहे: यंत्र लावण्याआधी एकदा वाडीतल्या कुणा म्हाताऱ्या बाईला बरोबर घेऊन जमीन फिरा. कुठल्या जाळीचं करवंद गोड आहे, ते ती दाखवेल. तेवढ्या चार जाळ्या राहू द्या, आणि वैशाखात फाटक उघडं ठेवा. जागा नसेल, नुसती गाडी या रस्त्याने जात असेल, तर नागोठण्याला थांबा. टोपल्यांच्या मागे, जरा अंग चोरून, पळसाचा खोला वर धरून जी बाई उभी असेल, तिच्याकडून घ्या. आणि भाव करू नका.